ऑफिसच्या कपड्यांत सायकल : जळगाव-धुळ्याच्या उन्हात ती कशी जमवायची

सायकलने कामावर जायचं ठरवणारे बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी मडगार्ड नसलेली, खाली वाकून चालवायची गिअरची सायकल येते. मग घट्ट जर्सी, चड्डी. मग लक्षात येतं की ऑफिसात कपडे बदलायला जागा नाही, म्हणून नेहमीची पँट घालून निघावं, तर पहिल्याच आठवड्यात उजव्या पायाला चेनचा काळा पट्टा. पुढे ती सायकल जिन्याखाली जाते आणि स्कूटरला परत किक बसते.

खरा क्रम असा : आधी सायकल कपड्यांना लायक करायची, मग बसण्याची ठेवण, मग वेळ आणि रस्ता, आणि त्यानंतर कपाटाला हात लावायचा. या क्रमाने गेलात तर नवे कपडे फारसे लागतच नाहीत.

हे सगळं तीन ते आठ किलोमीटरच्या रोजच्या अंतरासाठी आहे. पिंप्राळ्याहून एमआयडीसी, देवपूरहून आग्रा रोड, भुसावळात रेल्वे क्वार्टरपासून स्टेशन. रविवारी पहाटे हायवेवर पन्नास-साठ किलोमीटर मारणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्यांनी खुशाल जर्सी घालावी.

## १. सायकल कपड्यांना लायक करा

दुकानात किंवा मेकॅनिककडे जाताना पुढच्या गोष्टी एकदमच करून घ्या. एकेक करत बसलात तर नेमकी राहिलेली गोष्टच कपडा खाते.

चेनकव्हर. हे सर्वांत आधी. अर्धं चेनकव्हर, म्हणजे नुसती वरच्या बाजूची पट्टी, पँटीला पुरतं. साडी, सलवार किंवा पायघोळ कुर्त्याला पुरत नाही, कारण कापड खालून आणि मागून आत जातं. पूर्ण बंद कव्हर बसत असेल तर तेच घ्या. जुन्या काळ्या दांडेवाल्या सायकलींना ते मिळतं. गिअरच्या सायकलला पूर्ण बंद कव्हर सहसा बसत नाही, आणि रोजच्या कपड्यांसाठी गिअरची सायकल घेऊ नका म्हणण्याचं माझ्याकडे हे पहिलं कारण आहे. दुसरं कारण सरळ आहे : जळगाव शहरात असा चढ कुठे आहे?

ड्रेसगार्ड. मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी जाळी. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला असं आवरण नियमाने सक्तीचं आहे, सायकलला तशी सक्ती नाही, म्हणून कंपनी ते देतेच असं नाही. नेदरलँड्समध्ये लोक लांब कोट घालून सायकलवर कामाला जातात, तिथे रोजच्या सायकलला चेन पूर्ण झाकणारी पेटी आणि मागच्या चाकावर कोट अडकू नये म्हणून आवरण हे दोन्ही नेहमीचं असतं. आपल्याकडे जाळी मिळाली नाही तर नायलॉनची दोरी मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या आसापर्यंत पंख्यासारखी ताणून बांधून घ्या. दोन दोऱ्यांमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको.

मडगार्ड. पुढचं आणि मागचं, पूर्ण लांबीचं. पुढच्याला खाली रबराची झूल लावून घ्या. बुटांवर आणि पँटीच्या मोहरीवर उडणारा चिखल तीच अडवते. एक काळजी मात्र घ्या. आपली काळी माती ओली झाली की टायरला चिकटून येते आणि मडगार्डच्या आत ठासून बसते. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा हवी.

कॅरिअर आणि स्टँड. पाठीवर सॅक घेतली की पाठ भिजलीच. पिशवी कॅरिअरवर गेली पाहिजे. स्टँड दोन पायांचा घ्या, म्हणजे सायकल उभी राहते आणि तुमच्या कपड्यांना टेकत नाही.

दांडा. साडी, स्कर्ट, अबाया किंवा नुसतं वय झालेले गुडघे, यांपैकी काहीही असेल तर खाली झुकलेल्या दांड्याची सायकल घ्या. दुकानदार तिला लेडीज म्हणतो. पुरुषांनी त्याचं मनावर घेऊ नये. कडक इस्त्रीची पँट घालून मागून टांग टाकण्यापेक्षा पुढून पाय आत घालणं केव्हाही शोभून दिसतं.

चेनला तेल. मेकॅनिक प्रेमाने ग्रीस थापतो. थापू देऊ नका. ग्रीसवर धूळ बसते आणि त्याचं काजळ होतं. जुनी घाण पुसून चेनच्या प्रत्येक सांध्यावर मशीन ऑइलचा एकेक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि मग बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. तेल सांध्याच्या आत हवं, बाहेर दिसायला नको.

> तपासणी : पांढरा ओला रुमाल घ्या. सीटवर, हँडलच्या मुठींवर, चेनकव्हरच्या बाहेरून आणि क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, घासा. रुमालावर काळं आलं तर तेच उद्या तुमच्या कपड्यांवर येणार. नव्या सीटचं रेक्झिनही रंग सोडतं; पांढऱ्या लेंग्यावाल्यांनी ही तपासणी चुकवू नये.

## २. बसण्याची ठेवण

शर्ट मागून वर सरकतो, पँट कमरेखाली उतरते, ब्लाउज काखेत काचतो. दोष कपड्याला दिला जातो, पण कारण बहुधा वाकून बसणं असतं.

आधी सीट. टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली आणा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. साडी किंवा लांब कपड्यांत चालवणार असाल तर त्यापेक्षा किंचित खाली घ्या, म्हणजे चौकात थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकतात. मग हँडल, आणि तो सीटपेक्षा वर हवा. पाठ सरळ राहिली की कॉलर, पदर, ओढणी सगळं जागच्या जागी राहतं.

> सावध : हँडलच्या दांडीवर कमाल उंचीची रेघ असते. ती रेघ दिसू लागेल इतका हँडल वर ओढू नका. तो निसटू शकतो.

मग हवा. टायरच्या बगलेवर किती हवा भरायची ते छापलेलं असतं, तेवढी भरा. मऊ टायरवर तेवढ्याच अंतराला जास्त जोर लागतो, आणि जोर म्हणजे घाम. घाम येतो म्हणून शर्ट बदलणाऱ्यांनी आधी पंप शोधावा.

## ३. वेळ, रस्ता आणि वेग

हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २० किलोमीटरवरून १५ वर आलात की हवा कापायला लागणारी ताकद निम्म्याहून कमी होते. पाच किलोमीटरला फरक पडतो पाच मिनिटांचा. ही पाच मिनिटं घरातून आधी निघा. घाम कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

आता ऊन. ते कुठल्या अंगाला बसणार हे घर आणि कामाची जागा कुठे आहे यावर ठरतं, आणि कपडे त्यावरून ठरवायचे.

पिंप्राळ्याकडून एमआयडीसीला जाणारा सकाळी पूर्वेकडे जातो आणि संध्याकाळी पश्चिमेकडे येतो, म्हणजे दोन्ही वेळा ऊन तोंडावर. त्याला पुढे कड असलेली टोपी आणि चष्मा आधी हवा, बाकीचं नंतर. जळगावहून बांभोरीला विद्यापीठाकडे जाणाऱ्याचं उलट : जातायेता दोन्ही वेळा ऊन पाठीवर. त्याने मान झाकावी, कॉलरचा शर्ट घालावा. धुळ्याला देवपूरहून पांझरा नदी ओलांडून गावात येणारा दक्षिणेला येतो आणि संध्याकाळी उत्तरेला परततो. सकाळी पूर्व डाव्या हाताला, संध्याकाळी पश्चिमही डाव्याच हाताला. वर्षभरात डावा हात उजव्यापेक्षा सावळा झालेला दिसतो. पूर्ण बाही किंवा सुती हातमोजे घातले की भागतं.

बांभोरीच्या वाटेवर अवजड वाहनं भरधाव असतात. जिथे समांतर रस्ता किंवा आतली गल्ली आहे तिथे ती धरा, लांब पडली तरी.

> सावध : एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४३-४५ च्या घरात असताना, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात सायकल नको. कितीही चांगला कपडा उन्हाचा झटका अडवत नाही. दुपारची ड्यूटी असेल तर त्या दोन महिन्यांत बस किंवा रिक्षाने जावं, यात कमीपणा नाही. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं किंवा घाम येणं अचानक थांबणं, यांतलं काहीही झालं तर लगेच सावलीत थांबून अंग ओलं करा आणि मदत बोलवा.

## ४. कापड आणि रंग

आता कपाट उघडा.

सायकलवाल्याला कोणीतरी हमखास सांगतं : सुती घालू नको, ओलं राहतं, पॉलिएस्टरची ड्राय-फिट घे. हा सल्ला दमट हवेच्या गावांत ठीक आहे. सुती धागा नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे घाम सुती कापड शोषतं हे खरं, आणि ते हळू वाळतं हेही खरं. पण खान्देशातला मार्च ते मे कोरडा ठणठणीत असतो. सुती कापडातला घाम वाऱ्याबरोबर उडत राहतो आणि अंग गार ठेवतो, पोचेपर्यंत कापड वाळलेलंही असतं. म्हणून उन्हाळ्यात पातळ, ढगळ सुती किंवा खादी. पॉलिएस्टर मिश्रणाचा उपयोग जून ते सप्टेंबर, हवेत ओल असते तेव्हा.

रंगाचं थोडक्यात. घामाचा डाग सर्वांत उठून दिसतो तो करड्या आणि आकाशी रंगावर. पांढरा, गडद निळा, बारीक चौकडी आणि छापील नक्षी डाग लपवतात. काळा रंगही लपवतो, पण उन्हात तापतो. अंधार पडल्यावर परतणार असाल तर काळा-गडद निळा पूर्ण पेहराव टाळा. ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही.

आणि सनकोट. तोंडाला स्कार्फ आणि अंगात पांढरा सुती सनकोट घालून स्कूटरवर जाणाऱ्या मुली जळगावात प्रत्येक चौकात दिसतात. सायकलसाठी यापेक्षा योग्य कपडा मला दुसरा माहीत नाही. ऊन अडतं, वारा खेळतो, धूळ त्याच्यावर बसते, आणि ऑफिसच्या दारात काढला की आतला ड्रेस जसाच्या तसा. पुरुषांनी तो का घालू नये हे कोडंच आहे. त्यांना लाज वाटत असेल तर जुना ढगळ पांढरा शर्ट बटणं न लावता वरून घालावा. फक्त सनकोट कमरेपर्यंतचाच घ्या. गुडघ्यापर्यंतचा मागच्या चाकाकडे जातो.

## ५. शिंप्याकडची एक फेरी

तयार कपडे उभं राहण्यासाठी शिवलेले असतात. रोज सायकलवर घालायचे दोन-तीन जोड निवडा आणि तेवढ्यांनाच या दुरुस्त्या करून घ्या.

- आसन. पँट आणि सलवार आधी इथेच फाटते. सलवारीच्या, लेंग्याच्या आसनात कळी घालून घ्या. पँटीला ती शोभणार नाही, तिथे दुहेरी टीप मारून घ्या. जीन्सच्या आसनातली जाड शिवण टोचते; थोडं ताणलं जाणारं पातळ डेनिम त्यातल्या त्यात बरं.
- मुंढा. हात पुढे घेऊन हँडल धरला की ब्लाउजचा आणि कुर्तीचा मुंढा ओढला जातो. शिवणीच्या आत जादा कापड दाबलेलं असेल तर अर्धा इंच सोडून घ्या. माप देताना हात पुढे करून, मुठी आवळून द्या. शिंपी हसेल, हसू द्या.
- बाजूचे कट. कुर्तीचे कट कमरेच्या हाडापर्यंत वर हवेत. खाली असतील तर गुडघा वर आला की टोकाला फाटतात. टोकाशी आडवी टीप मारून घ्या.
- मोहरी. पँटीची मोहरी फार रुंद असेल तर थोडी कमी करून घ्या.
- चोरखिसा. मोबाइल पुढच्या खिशात असला की मांडीला रुततो, मागच्या खिशात असला की सीटवरून पडतो. कुर्तीला किंवा शर्टाला आतून चेनचा एक खिसा लावून घ्या.

> तपासणी : कपडा घालून घरातल्या खुर्चीवर उलटं बसा, पाठ टेकायच्या बाजूला तोंड करून, आणि हात पुढे ताणा. कुठे आवळतंय, कुठे पाठ उघडी पडतेय ते इथेच कळतं.

## ६. मोकळं कापड बांधणं

हा टप्पा घाईत करू नका. इथली चूक कपड्यावर भागत नाही, जिवावर येते.

ओढणी. गळ्याभोवती घेऊन दोन्ही टोकं मागे सोडण्याची पद्धत सायकलवर पूर्ण बंद. टोक चाकात गेलं की ओढणी गुंडाळली जाते आणि फास गळ्याला बसतो. दोनच मार्ग आहेत. एक, ओढणी घडी करून पिशवीत ठेवायची. दोन, एका खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला डाव्या बाजूला गाठ मारायची, आणि उरलेली टोकं कमरेतच खोचायची. डाव्या बाजूला अशासाठी की चेन उजवीकडे असते. तोंडाला बांधलेल्या स्कार्फची टोकं कुर्तीच्या आत, आणि कान व डोळ्यांच्या कडा मोकळ्या. मागून येणारा ट्रक ऐकू आला पाहिजे.

साडी. क्रम पाळा.

१. परकर कळ्यांचा, घेरदार घ्या. हल्लीचा अंगाला चिकटणारा, खाली निमुळता परकर सायकलवर चालत नाही, गुडघे उघडतच नाहीत.
२. साडी घोट्याच्या वर चार बोटं नेसा. पोचल्यावर खाली ओढता येते.
३. निऱ्यांना कमरेशी पिन लावा, खाली लावू नका. खाली पिन लावली तर पाय अडकतात.
४. पदर चुण्या करून खांद्यावर पिन करा, मग पाठीमागून उजव्या बाजूने पुढे आणून डावीकडे कमरेत खोचा.
५. सायकलवर बसण्याआधी निऱ्यांचा खालचा काठ डाव्या हातात उचला, एक चिमूट डाव्या कमरेत खोचा, मगच पाय दांड्यापलीकडे टाका.
६. उजवं पायडल पुढे आणि वर असताना निघा. पहिल्या दाबातच सायकल चालती झाली की साडीला झटका बसत नाही.

खळ दिलेली सुती साडी पाच किलोमीटरनंतर चुरगळलेली दिसेल, आणि गुळगुळीत सिंथेटिक सीटवरून घसरेल. मधलं, थोडं भारी सुती-मिश्र कापड चांगलं टिकतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतलेली नवी भारीची साडी सायकलवर नको. तिला कॅरिअरवर पिशवीत बसवा आणि तिथे जाऊन नेसा.

अबाया आणि बुरखा. नियम साडीचेच. पूर्ण बंद चेनकव्हर आणि ड्रेसगार्ड नसेल तर चालवू नका. बसण्याआधी मागचा घेर पुढे ओढून घ्या. आतून गुडघ्याच्या उंचीवर दोन टिचबटणं लावून घेतली तर खालचा काठ वीतभर वर उचलून अडकवता येतो आणि उतरल्यावर एका हाताने सोडता येतो.

लांब कुर्ता-नेहरू शर्ट. मागचा पल्ला सीटखाली दाबून बसू नका. उतरताना तो सीटच्या टोकात अडकतो आणि फाटतो. दोन्ही पल्ले बाजूला करून बसा.

पँट. उजव्या पायाची फक्त. जास्तीचं कापड बाहेरच्या, म्हणजे चेनपासून लांबच्या बाजूला ओढा, तिथे चपटी घडी घाला आणि क्लिप किंवा रुंद रबर लावा. लोक घडी आतल्या बाजूला घालतात आणि मग क्लिप असूनही डाग पडला म्हणून कुरकुरतात. वर दुमडलेली मोहरीही नको. तिच्यात पायडल शिरतं.

> सावध : लांब मंगळसूत्र, गळ्यातली चेन कपड्याच्या आत घ्या. सोन्याची बाजारपेठ गाजलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको, आणि सायकलवाल्याला स्कूटरवाल्यामागे धावता येत नाही.

## ७. पाय, डोकं, केस

चपलेचा प्रश्न तळव्याचा आहे. कोल्हापुरीचा गुळगुळीत कातडी तळवा पायडलवरून घसरतो. तिला खालून पातळ रबर मारून घ्या, चांभार लगेच करून देतो. अंगठ्याची सैल चप्पल नको. टाचेला पट्टा असलेली सँडल उत्तम. थोडी उंच टाच असेल तरी चालते, कारण जोर पावलाच्या पुढच्या भागावर द्यायचा असतो आणि टाच मागे मोकळी राहते. टोकदार उंच टाच मात्र पिशवीत. लेस असेल तर गाठीची टोकं बुटात खोचा.

हेल्मेट घाला. खाली पातळ सुती कापड घेतलं तर केसांना वळ पडत नाहीत आणि घाम डोळ्यांत उतरत नाही. अंबाडा मानेजवळ खाली घ्या, उंच बांधला तर हेल्मेट बसत नाही. वेणी असेल तर सनकोटाच्या आत. गजरा डब्यात न्यावा, पोचल्यावर माळावा.

## ८. रविवारची रंगीत तालीम

सोमवारी थेट ऑफिसला निघू नका. रविवारी सकाळी, नेमके सोमवारचेच कपडे, तीच चप्पल, तीच पिशवी, तोच रस्ता. मध्ये एकदा मुद्दाम थांबून उतरा, परत बसा. गर्दीत हीच हालचाल सगळ्यात जास्त वेळा करावी लागते. ऑफिसपाशी सायकल लावायची जागा आणि दुपारची सावली कुठे सरकते तेही बघून या.

घरी आल्यावर आरशात पाठ बघा. पाठीवर घामाचा नकाशा असेल तर वेग जास्त होता. उजवी मोहरी, कुर्त्याचा मागचा काठ आणि आसन तपासा. काही बिघडलं असेल तर टप्पा १ किंवा ६ वर परत जा. नवा कपडा विकत घेऊन ते सुटणार नाही.

## ९. पोचल्यावरची दहा मिनिटं

घाम सर्वांत जास्त सायकलवर जाणवत नाही, उतरल्यावर जाणवतो. चालवताना वारा अंग वाळवत असतो. थांबलात की वारा गेला, अंगातली गरमी मात्र तशीच. म्हणून शेवटचं अर्धा किलोमीटर अगदी रमतगमत न्या. उतरल्यावर लगेच जिना चढू नका, सावलीत उभे राहा. सनकोट काढून झटका. ओल्या रुमालाने मान, मनगटं, कोपराची आतली बाजू पुसा. पंख्याखाली पाच मिनिटं, थोडं पाणी, आणि मग हजेरी.

साहेबांशी सकाळी सकाळी मीटिंग असेल तर वरचा शर्ट वेगळा न्या. गुंडाळी करण्यापेक्षा पुठ्ठ्यावर घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट ठेवला तर इस्त्री टिकते. ऑफिसात एक जादा शर्ट किंवा कुर्ती कायमची ठेवली तर रोजची ही कटकट मिटते.

सायकल उन्हात लागणार असेल तर सीटवर पांढरं सुती फडकं बांधा. मे महिन्यात तापलेल्या काळ्या रेक्झिनवर बसायचा अनुभव एकदाच पुरतो.

## १०. पाऊस, थंडी, रात्र

पाऊस आपल्याकडे कोकणासारखा रोज धो धो नसतो, त्यामुळे रेनकोट अंगात घालून निघण्यापेक्षा कॅरिअरवर ठेवावा आणि सर आली की घालावा. जाड रेनकोटात माणूस बाहेरून कोरडा आणि आतून घामाने ओला होतो. पोंचो असेल तर त्याचा मागचा काठ चाकाकडे जाणार नाही ना, बघा. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल हा प्रकार बंद. घरून तीन-चतुर्थांश पँट घालून निघावं आणि ऑफिसची पँट पिशवीत न्यावी, हे पावसाळ्यात सर्वांत सोपं.

धुळ्याची डिसेंबर-जानेवारीची पहाट बोचरी असते, पारा दहाच्या खाली सहज जातो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ऊबदार वाटत असेल तर दोन किलोमीटरनंतर स्वेटर काढून हातात घ्यावा लागेल. जाड स्वेटरऐवजी शर्टावर पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कानाला पट्टी, हातमोजे. आणि हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीची पार्टी झालेली असेल तर परतताना तासभर थांबा. त्यावर कोणताही कपडा उपाय नाही.

भुसावळच्या रात्रपाळीवाल्यांसाठी : मागे लाल दिवा, पुढे पांढरा, आणि दोन्ही घोट्यांना चमकणारी पट्टी. घोटे वरखाली होत असतात म्हणून लांबून सायकलवाला ओळखू येतो. पाठीवरची तेवढीच पट्टी एका जागी राहते आणि गर्दीत हरवते. पँटीची क्लिप घ्यायचीच आहे तर चमकणारीच घ्या.

## ११. तरीही डाग पडलाच तर

पाणी लावू नका. बहुतेक डाग इथेच कायमचे होतात. ओला हात, मग रगडणं, मग गरम पाणी, मग इस्त्री. इस्त्रीची उष्णता तेलाचा डाग धाग्यात बसवते.

कोरड्या डागावर आधी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी टाका, अर्धा तास राहू द्या, तेल शोषलं जाईल. झटकून टाका. मग कोरड्याच डागावर भांड्यांच्या लिक्विड साबणाचा थेंब, जुन्या टूथब्रशने कडेकडून मधल्या बाजूला हळू घासा. दहा मिनिटांनी गार पाण्याने धुवा. काळपट राहिलं तर साबणाची पायरी पुन्हा. डाग पूर्ण गेल्याची खात्री उजेडात केल्याशिवाय उन्हात वाळवू नका आणि इस्त्रीला देऊ नका. रेशीम आणि जरीवर हे घरी करू नका, पावडर टाकून तशीच ड्रायक्लीनवाल्याकडे द्या आणि डाग चेनच्या तेलाचा आहे हे त्याला आठवणीने सांगा.